सोलापुरातून पहिल्यांदा विमानाने निघताय? आधी एवढं वाचा

सोलापूरचा विमानतळ होटगी रोडला आहे, त्याच्या आसपास राहणाऱ्यांना विमानाचा आवाज नवा नाही. नेत्यांची विमानं आणि हेलिकॉप्टरं इथे वर्षानुवर्षं उतरत आली. तिकीट काढून चढायचं विमान मात्र बराच काळ फक्त भाषणांत उडायचं. आता ते खरोखर उडतं आहे. म्हणूनच घरोघरी प्रश्न सुरू झाले आहेत: तिकीट कुठे काढायचं, किती आधी पोचायचं, चटणीचा डबा चालतो का. आमच्या आत्याने मला विचारलं, "वाटेत थांबतं का रे, एसटीसारखं?" मी हसलो. नंतर लक्षात आलं की प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. तो का, हे पुढे येईल.

हा लेख ज्यांनी कधी विमान पकडलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. मोठ्या विमानांतून फिरलेल्यांसाठीही आहे, कारण छोट्या प्रादेशिक विमान कंपनीचं वागणं वेगळं असतं. ते ओळखलं की निम्मी चिडचिड कमी होते.

पहिली पायरी: आपल्याला कोण नेतंय ते ओळखा

सोलापूरशी दोन नावं जोडली गेली आहेत. फ्लाय ९१ ने ९ जून २०२५ ला गोवा–सोलापूर सेवा सुरू केली. त्याआधी तारखा इतक्या वेळा पुढे गेल्या होत्या की पहिलं विमान उतरेपर्यंत लोकांचा विश्वास बसत नव्हता. त्यानंतर स्टार एअरने १५ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबई आणि बेंगळुरू जोडलं.

फ्लाय ९१ ही गोव्याची कंपनी आहे. मार्च २०२४ मध्ये तिची प्रवासी वाहतूक सुरू झाली. नावातला ९१ म्हणजे आपल्या फोन नंबरांच्या आधी लागणारा भारताचा क्रमांक. कंपनीचं नोंदणीतलं नाव तर 'जस्ट उडो एव्हिएशन' आहे. इतकं मोकळंढाकळं नाव सरकारी कागदावर शोभून दिसतं, हे माझं मत. तिचे एक संस्थापक मनोज चाको पूर्वी किंगफिशर एअरलाइन्समध्ये वरिष्ठ पदावर होते. ही तीच किंगफिशर, जिने काही काळ सोलापूर–मुंबई उडवून पाहिलं होतं आणि जी २०१२ मध्ये कायमची जमिनीवर आली.

स्टार एअर आपल्या शेजारची, कोल्हापूरकडच्या संजय घोडावत समूहाची. जानेवारी २०१९ मध्ये बेंगळुरू–हुबळी मार्गाने तिची सुरुवात झाली. आधी पन्नास आसनी एम्ब्राएर जेट होती, २०२३ पासून ७६ आसनांची ई-१७५ आली.

ही माहिती तिकिटाआधी कशाला, असं वाटेल. कारण असं की या क्षेत्रात कंपन्या उगवतात आणि मावळतात. ईशान्य भारतासाठी १९८१ मध्ये सुरू झालेली सरकारी 'वायुदूत' १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ मध्ये स्वस्त तिकिटं घेऊन आली, पण पाच वर्षांत किंगफिशरच्या पोटात गेली. आपल्या बाजूला ट्रूजेट होती. २७ एप्रिल २०१७ ला छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेची पहिली विमानं सुटली, त्यात तिचं नांदेड–हैदराबादही होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत तीही थांबली. त्यामुळे सहा महिन्यांनंतरच्या लग्नाचं तिकीट आजच काढून निर्धास्त होऊ नका. दोन-चार आठवड्यांच्या अंतराने तिकीट काढणं मला शहाणपणाचं वाटतं. आधीच काढलं असेल तर कंपनीचे मेसेज वाचत राहा आणि जुना नंबर देऊन ठेवला असेल तर तो बदला.

मध्येच थोडं धुराड्याबद्दल

सोलापुरात विमानाचा विषय निघाला की चिमणी येतेच, तर ते उरकून घेऊ. 'उडान'च्या २०१७ च्या पहिल्याच यादीत सोलापूरचं नाव होतं. विमान मात्र आलं नाही, कारण धावपट्टीकडे उतरत येण्याच्या वाटेत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाचं उंच धुराडं उभं होतं. विमान सरळ खाली येत नाही. काही किलोमीटर आधीपासून तिरक्या रेषेत उतरत येतं आणि त्या रेषेखाली ठरावीक उंचीपेक्षा वर काही असून चालत नाही. एकीकडे विमान मागणारं शहर आणि दुसरीकडे कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद, असा तो वाद बरीच वर्षं चालला. कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १५ जून २०२३ ला ते धुराडं पाडण्यात आलं. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं दूरस्थ पद्धतीने उद्घाटन झालं. बोरामणीला नवा मोठा विमानतळ करायचा बेत त्याहूनही जुना आहे, तो वनजमिनीच्या प्रश्नात अडकला. त्यामुळे सध्या जे आहे ते होटगी रोडलाच.

दुसरी पायरी: भाड्यामागचं गणित

तिकीट कधी स्वस्त का दिसतं आणि दोन दिवसांनी दुप्पट का होतं, हे कळायला एक उदाहरण पुरेसं आहे.

एवढ्याशा मार्गावर सुरुवातीला खर्च भागेल इतके प्रवासी मिळत नाहीत. खर्च आणि भाडं यांच्यामधली दरी सरकार भरून देतं. सरकारी भाषेत त्याला व्यवहार्यता तफावत निधी म्हणतात, बोलताना सगळे 'व्हीजीएफ' म्हणतात. केंद्राच्या 'उडान'मध्ये तो साधारणपणे केंद्र ८० टक्के आणि राज्य २० टक्के असा वाटला जातो, आणि तोही तीन वर्षांपुरता. सोलापूर–मुंबईसाठी मात्र राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वतःच्या खिशातून एका वर्षासाठी तरतूद मंजूर केली: एका आसनामागे ३,२४० रुपये. आता हिशोब करा. विमानात ७६ आसनं, दिवसाला जाणं आणि येणं धरून १५२. त्याला ३६५ दिवसांनी गुणा आणि मग ३,२४० ने. उत्तर १७ कोटी ९७ लाखांच्या घरात येतं. मंजूर झालेली वार्षिक रक्कमही तीच. आकडा पेपरात वाचला तेव्हा मोठा वाटला होता. गुणाकार केल्यावर कळलं की तो आपल्या खुर्च्यांचाच हिशोब आहे.

यातून नवख्याने दोन गोष्टी घ्याव्यात. उडानच्या मार्गांवर साधारण निम्म्याच आसनांना भाड्याची कमाल मर्यादा असते आणि त्यांची संख्या चाळीसच्या वर जात नाही. ती संपली की उरलेल्या आसनांचं भाडं बाजारभावाने वर चढतं. म्हणून 'सरकारी दरातलं विमान' म्हणून आदल्या दिवशी तिकीट पाहिलंत तर डोळे पांढरे होतील. दुसरी गोष्ट म्हणजे निधीला मुदत असते. मुदत संपत आली की सेवा चालू राहणार का, याची चर्चा सुरू होते. अशा महिन्यांत परतीचं तिकीट रेल्वेचंही काढून ठेवा. रद्द करताना थोडे पैसे जातील, पण झोप शांत लागेल.

तिसरी पायरी: तिकीट काढताना एवढं पाहा

तिकीट कंपनीच्याच संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून काढलेलं बरं. मधल्या एजंट ॲपवरून काढलं की उड्डाण बदलल्याचा मेसेज कधी एजंटाकडेच अडकतो, आणि परताव्यासाठी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहा. आधारवर 'मल्लिनाथ' असेल आणि तिकिटावर घरचं 'मल्लू' लिहिलंत तर दारातच वाद होतो.

वार तपासा. छोट्या कंपन्या प्रत्येक मार्गावर रोज उडतातच असं नाही. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. गेल्या महिन्यात मावसभावाने पकडलेलं विमान आज त्याच वेळेला असेल, असं गृहीत धरू नका.

विमानतळाचं नाव दोनदा वाचा, कारण इथे आमचं स्वतःचं फसलं होतं. गोव्यात दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचं जुनं दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातलं मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. सोलापूरचं विमान मोपाला उतरतं. आत्या मोपाला उतरून बाकावर बसली होती आणि तिला न्यायला आलेला जावई दाबोळीला तिचा फोन लावत होता. दोघांच्या मध्ये पन्नासपेक्षा जास्त किलोमीटर. मुंबईतही आता तीच गत आहे. सांताक्रूझ–अंधेरीकडचा जुना विमानतळ आणि डिसेंबर २०२५ पासून चालू झालेला नवी मुंबईचा, दोन्ही 'मुंबई' म्हणूनच दिसतात. तिकिटावरचं तीन अक्षरांचं चिन्ह पाहा: जुन्याचं बीओएम, नव्याचं एनएमआय. सोलापूरचं एसएसई आणि मोपाचं जीओएक्स.

पुढे दिल्ली, दुबई असं दुसरं विमान पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर मिळतात का पाहा. वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं असतील तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. अशा वेळी मध्ये चार-पाच तास ठेवा. परदेशाचं असेल तर सरळ आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठा. मी तरी तसंच करतो.

चौथी पायरी: सामान, आणि सोलापूरकरांचं खास सामान

देशांतर्गत प्रवासात साधारणपणे १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात चालतं. नेमका आकडा तिकिटावर असतो, तोच खरा. घरच्या वजनकाट्यावर बॅग मोजून निघा. काउंटरवर जास्तीच्या प्रत्येक किलोचे पैसे लागतात आणि तिथे घासाघीस चालत नाही.

छोट्या विमानात हातातली बॅगही छोटीच हवी. फ्लाय ९१ ची एटीआर ७२ विमानं आतून निमुळती असतात. डोक्यावरच्या कप्प्यात टणक चाकाची मोठी बॅग मावत नाही, ती दारातच काढून घेऊन मागे ठेवतात. म्हणून औषधं, चष्मा, दागिने आणि कागदपत्रं वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. पॉवर बँक मात्र हातातच हवी, खाली जाणाऱ्या बॅगेत ती चालत नाही.

आता आपलं सामान. सोलापुरी चादर वजनापेक्षा जागा जास्त खाते. दोन चादरी घट्ट गुंडाळल्या तरी अर्धी बॅग जाते. टॉवेल आहेराला द्यायचे असतील तर चादरीच्या घड्यांत घाला. कडक भाकरी हातात नेलीत तर ती पोचेल, खालच्या बॅगेत तिचा चुरा होतो. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, तिखट या सगळ्या पुडी खालच्या बॅगेतच भरा. तिखटाची पूड हातात असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतात, आणि 'घरची आहे हो' म्हणून उपयोग होत नाही.

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून परतणाऱ्यांनी हे नीट ऐका. सुकं खोबरं सामानात चालत नाही. त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं. कापूर आणि काडेपेटीही नाही. प्रसादाचे नारळ सोलापुरात पाहुण्यांकडे वाढवून टाका. बुक्का, अंगारा, कुंकू यांच्या पुड्या बॅगेत घाला.

पाचवी पायरी: विमानतळावर

विमानतळ शहरातच असल्यामुळे 'पाच मिनिटांत पोचतो' हा सोलापुरी आत्मविश्वास इथे घात करतो. काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. नवख्याने दीड ते दोन तास आधी दारात असावं. दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. आधार, मतदार कार्ड, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट यांतलं एक पुरे. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर त्याच्या वयाचा दाखला जवळ ठेवा.

आत गेल्यावर काउंटर, मग सुरक्षा तपासणी, मग बसायची जागा. मोठ्या विमानतळासारखं भटकायला काही नाही आणि मला ते आवडतं. गेट शोधण्यात घाम निघत नाही. विमानापर्यंत मात्र बहुतेक वेळा चालत किंवा बसने जायचं असतं, कारण छोटी विमानं जमिनीपासून फार उंच नसतात आणि शिडीनेच चढायचं असतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, विमानतळावर येऊन नाही.

सहावी पायरी: विमानात

एटीआरच्या पंखांवर, दोन्ही बाजूंना एकेक, असे दोन मोठे पंखे असतात. पंखे दिसले की 'जुनं विमान दिसतंय' अशी कुजबुज सुरू होते. ते जुनं नसतं, ती टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या इंजिनाची, जातच तशी आहे. तासा-दीड तासाच्या अंतराला जेटपेक्षा तिला इंधन बरंच कमी लागतं, आणि विमान कंपनीच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा इंधनाचाच असतो. ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेग, जेटपेक्षा कमी उंची. पंख छताच्या पातळीला असल्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं. ढगांत थोडं जास्त हलतं, हेही खरं.

एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात, पुढच्या भागात सामान असतं. म्हणून 'लवकर उतरू' म्हणून पहिली रांग निवडलीत तर सगळ्यांत शेवटी उतराल. या विमानाला जमिनीवर वीज पुरवणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. त्याऐवजी कधी उजव्या बाजूचं इंजिन चालू ठेवतात आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. इंजिनाचा आवाज येतोय आणि पंखा फिरत नाही, असं दिसलं तर घाबरू नका.

स्टार एअरची ई-१७५ जेट आहे. दोन्ही विमानांत एकच गोष्ट सुखाची: मधली सीट नाही. दोन इकडे, दोन तिकडे.

एखादे वेळी हवाई सुंदरी दोन-चार जणांना मागच्या रांगांत बसायला सांगते. तो अपमान समजू नका. छोट्या विमानात वजन पुढेमागे सारखं बसवावं लागतं. एप्रिल–मेमध्ये तर आणखी एक अडचण असते. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर. पारा त्रेचाळीसला टेकला असेल त्या दुपारी वैमानिक वजनाचा हिशोब नेहमीपेक्षा काटेकोर धरतो.

सातवी पायरी: उशीर झाला, रद्द झालं तर

आता आत्याच्या प्रश्नाकडे. वाटेत थांबतं का? सेवा सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात बेंगळुरूहून निघालेलं विमान सोलापूर करून मुंबईला जायचं आणि त्याच वाटेने परत फिरायचं. म्हणजे अगदी एसटीच. मोठ्या कंपनीकडे एक विमान अडलं तर दुसरं आणायची सोय असते. छोटीकडे विमानंच मोजकी. सकाळी बेंगळुरूत धुकं पडलं की दुपारी सोलापूरकर खोळंबतो, ऊन लख्ख पडलेलं असलं तरी. म्हणून उड्डाणाच्या दिवशी सोलापूरचं आभाळ बघू नका, विमान सध्या कुठे आहे ते बघा. उड्डाण क्रमांक टाकला की मोबाइलवर ते दिसतं.

नियम तुमच्या बाजूने आहेत, फक्त ते माहीत हवेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर होत असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं काय ते तुम्ही निवडायचं. उड्डाण रद्द झालं आणि वेळेत कळवलं नसेल तर त्याखेरीज भरपाईही असते. तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल ती. खराब हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही, पैसे परत किंवा पर्यायी विमान मात्र मिळतं. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' ॲपवर तक्रार करता येते.

एकदा एका कंपनीचं माझं विमान ऐन वेळी रद्द झालं. काउंटरवरचा मुलगा विशीतला होता आणि चाळीस माणसं एकदम त्याच्यावर ओरडत होती. मी रांगेत उभं राहून फक्त 'रद्द झाल्याचं लेखी द्या' एवढंच मागितलं. त्याने तसा मेसेज पाठवला, तो पुढे परतावा मागताना कामाला आला. ओरडणाऱ्यांनी तो मागितलाच नव्हता.

पर्याय हाताशी ठेवा. मुंबईला दिवसा वंदे भारत, रात्री सिद्धेश्वर, पुण्यापर्यंत हुतात्मा. रेल्वेने मुंबई ४५५ किलोमीटर आहे, वंदे भारतने साडेसहा तासांच्या आसपास लागतात. विमान तासाभराचं असलं तरी घरापासून घरापर्यंत चार तास धराच. हातात पूर्ण दिवस असेल आणि काम दादरला असेल, तर मी अजूनही रेल्वेच निवडेन. बेंगळुरू किंवा गोव्याला मात्र विमानासारखं सुख नाही.

बाहेरून सोलापुरात उतरणाऱ्यांसाठी

पाहुणे येणार असतील तर त्यांना हे पाठवा. बाहेर पडल्यावर रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ च्या आसपास, पंढरपूर ७० च्या थोडं वर. तिन्ही एका दिवसात करायची असतील तर गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आणि आषाढी–कार्तिकीला गाड्याही मिळत नाहीत आणि खोल्याही. त्या दिवसांत विमानाच्या तिकिटाआधी राहायची जागा पक्की करा.